मार्चअखेरचा निधी आणि भाद्रपद

भाद्रपद आणि कुत्री ही जोडी मराठीत शिवीसारखी वापरली जाते, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. आपल्याकडची भटकी कुत्री वर्षभर थोडीफार वितात, तरी समागमाचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात ठरलेली पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात गल्लीत दिसतात. निर्बीजीकरणाचा पैसा कोणत्या महिन्यात हातात पडायला हवा हे या एवढ्यावरून ठरतं. पुण्यातल्या प्राणीसंस्था निधीसाठी जे प्रस्ताव पाठवतात, त्यांतल्या बहुतेकांत नेमका हाच विचार नसतो.

प्रत्यक्षात काय होतं? जानेवारी उजाडला की कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी पाहणाऱ्या विभागांतून फोन सुरू होतात. वर्ष संपत आलंय, निधी शिल्लक आहे, प्राण्यांसाठी काही आहे का? संस्था घाईघाईनं एका पानाचा प्रस्ताव पाठवते: ५०० कुत्री, दर अमुक, एकूण इतके लाख, मुदत ३१ मार्च. त्या तीन महिन्यांत अनेक माद्यांच्या अंगावर पिल्लं असतात. दूध पाजणारी मादी उचलली की मागे पिल्लं मरतात, म्हणून तिला सोडून द्यावं लागतं. मग आकडा भरायला नर उचलले जातात. ५०० शस्त्रक्रिया होतात, फोटो निघतात, अहवाल जातो आणि पुढच्या कार्तिकात पिल्लं तेवढीच दिसतात. निधी खरा असतो, डॉक्टरांचे कष्ट खरे असतात, फक्त वेळ चुकलेली असते.

या कोंडीवर कायद्यातच वाट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये ‘चालू प्रकल्प’ (ऑनगोइंग प्रोजेक्ट) अशी सोय आहे. संचालक मंडळानं ३१ मार्चपूर्वी प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात जमा होते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. असं मंजूर नसेल, तर शिल्लक रक्कम सहा महिन्यांत अनुसूची सातमधल्या, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या बाबींच्या यादीतल्या, एखाद्या सरकारी निधीला द्यावी लागते. म्हणून जानेवारीत फोन आला तर तीन महिन्यांचा प्रस्ताव पाठवू नका. ‘मार्चमध्ये मंजुरी, एप्रिलमध्ये पहिला हप्ता, एप्रिल ते जुलै मुख्य काम’ असा आराखडा पाठवा आणि चालू प्रकल्प हा शब्द पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. प्राणीकल्याण अनुसूची सातच्या चौथ्या बाबीत, पर्यावरणाच्या जोडीनं, नावानिशी आहे. तरीही काही अधिकाऱ्यांना ते माहीत नसतं, तेव्हा बाब क्रमांक लिहूनच द्यावा.

आता मोजणी. ‘परिसरात खूप कुत्री आहेत’ हे वाक्य कुठल्याच प्रस्तावात नको. मोजायला फार पैसा लागत नाही. एक दुचाकी, दोन माणसं, एक फोन आणि लागोपाठ दोन सकाळी पुरतात. आठ-दहा किलोमीटर गल्ल्यांचा एक पट्टा ठरवा. सकाळी सहा ते साडेआठ, दोन्ही दिवशी तोच रस्ता, त्याच दिशेनं. पहिल्या दिवशी दिसलेल्या प्रत्येक कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि लिंग, कानाला खाच (निर्बीजीकरण झाल्याची खूण) आहे का, मादी दूध पाजते आहे का, हे नोंदवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच फोटो काढून पहिल्या दिवसाच्या फोटोंशी ताडून पाहा.

समजा पहिल्या दिवशी ८४ कुत्री दिसली, दुसऱ्या दिवशी ९०, आणि त्या ९० पैकी ६० आदल्या दिवशीचीच निघाली. ८४ गुणिले ९० भागिले ६० म्हणजे १२६. पट्ट्यात साधारण १२६ कुत्री आहेत, नुसतं मोजून आलेली ८४ किंवा ९० नव्हेत. त्यांत ५८ माद्या असतील आणि १७ जणींच्या कानाला खाच असेल, तर आजची व्याप्ती २९ टक्के झाली. ७० टक्क्यांचं लक्ष्य धरलं तर ४१ माद्या हव्यात, म्हणजे आणखी २४. नर ६८, खाच असलेले २०, लक्ष्य ४८, म्हणजे आणखी २८. एकूण ५२, आणि मधल्या काळात बाहेरून येणाऱ्या व वयात येणाऱ्या कुत्र्यांसाठी १५ टक्के वाढवून ६०. या पट्ट्यासाठी मागायचा आकडा हा ६०, आणि त्यातल्या २४ माद्या पहिल्या सहा आठवड्यांत. असा परिच्छेद लिहिलेला प्रस्ताव वाचणाऱ्याला लगेच वेगळा वाटतो, कारण पैसे संपल्यावर काय बदललेलं असेल हे त्याला दिसतं.

मोजणी बिघडते ती ठरलेल्या कारणांनी. खाऊ घालणाऱ्यांच्या वेळेला गेलात तर एकाच कोपऱ्यावर पंधरा कुत्री दिसतात आणि पुढच्या दोन गल्ल्या रिकाम्या. पावसात कुत्री पार्किंगमधल्या गाड्यांखाली आणि जिन्यात असतात, ती मोजणीत येत नाहीत. चिकनच्या दुकानांपाशी ठाण मांडलेली दोन्ही दिवशी हमखास दिसतात, बुजरी एकाही दिवशी दिसत नाहीत, त्यामुळे अंदाज थोडा कमीच येतो. हे प्रस्तावात लिहून टाकावं. शाळा, महाविद्यालयं, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री वेगळ्या रकान्यात घ्या. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात अशा आवारांतली कुत्री उचलल्यावर पुन्हा तिथंच सोडू नयेत असं सांगितलं आहे. एका कुत्र्याच्या केंद्रातल्या सहा दिवसांचा खर्च आणि निवाऱ्यातल्या वर्षानुवर्षांच्या मुक्कामाचा खर्च एका ओळीत बसत नाही.

दुसरा हिशेब पिंजऱ्यांचा. शस्त्रक्रियागृहात डॉक्टर दिवसाला किती कुत्री करू शकतात यावर क्षमता ठरत नाही, ती रिकाम्या पिंजऱ्यांवर ठरते. आदल्या दिवशी आणून रात्री उपाशी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, त्यानंतर किमान चार दिवस देखरेख. एका कुत्र्यामागे पिंजरा सहा दिवस अडतो. ३० पिंजरे असतील तर महिन्याला जास्तीत जास्त १५० कुत्री. त्यात टाके उसवलेलं एखादं दहा दिवस राहतं, एखाद्याला ताप येतो, पिंजरे धुऊन वाळवायला वेळ जातो. प्रत्यक्षात ११० ते ११५ धरा. ३० पिंजऱ्यांवर महिना ३०० कुत्र्यांचं आश्वासन देणारे प्रस्ताव नेहमी दिसतात. जाणकार परीक्षक एक भागाकार करून तो कागद बाजूला ठेवतो. आणि चुकून मंजूर झालाच, तर आकडा गाठण्यासाठी कुत्री दुसऱ्याच दिवशी सोडली जातात आणि टाके गल्लीत उसवतात. त्याची किंमत मुकं जनावर भरतं.

बारा महिन्यांना सारखं भागून उद्दिष्ट लावणं ही पुण्यात हमखास फसणारी गोष्ट. जून-जुलैत पाऊस वाढला की पकडणं कमी होतं, ओल्या पिंजऱ्यात जखमा चिघळतात. भाद्रपद लागला की गणेशोत्सव. पेठांतच नव्हे, उपनगरांतही मांडव आणि बंद रस्ते यांतून व्हॅन फिरत नाही, आणि ढोल-फटाक्यांनी कुत्री आपला इलाखा सोडून पांगतात. शिवाय माजावर आलेल्या मादीच्या गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त होतो आणि वेळही लागतो. म्हणून माद्यांचं मुख्य काम आषाढाच्या सुरुवातीपर्यंत उरकायचं. श्रावणात राहिलेल्या माद्या जमतील तितक्या. भाद्रपदात रेबीज लसीकरण, नोंदींची साफसफाई, उपकरणांची दुरुस्ती. दिवाळीनंतर नर, आणि मोजणी.

या चढउताराचा परिणाम दरावर होतो, आणि तिथंच संस्था बुडतात. समजा डॉक्टर, दोन मदतनीस, पकडणारे, व्हॅन, भाडं, वीज असा ठरलेला खर्च महिन्याला १,८०,००० रुपये आहे, आणि प्रत्येक कुत्र्यामागे औषधं, टाक्यांचा धागा, लस, खाणं मिळून ७०० रुपये. महिन्यात ११५ कुत्री झाली तर एका कुत्र्याचा खर्च साधारण २,२६५. पावसात ६० झाली तर तोच ३,७००. ‘दर कुत्र्यामागे इतके’ अशा एकाच आकड्यावर करार केला की उन्हाळ्यातलं काम ठीक चालतं आणि पावसाळ्यात पगार थकतात. ठरलेला खर्च महिन्याच्या हप्त्यात आणि बदलता खर्च संख्येवर, असा दुहेरी करार मागा. कंपन्यांना तो समजावून सांगितला तर पटतो.

अंदाजपत्रकात नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: जैववैद्यकीय कचरा उचलण्याचं शुल्क, पकडणाऱ्यांना आधीच द्यायची रेबीज लस, जनरेटरचं डिझेल, मोजणीचे चार दिवस, आणि नोंदी ठेवणारा माणूस. केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत असल्यानं ते काउंटरवर सहज मिळत नाही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, साठ्याची नोंद ठेवावी लागते आणि पुरवठा अडतो. एक महिन्याचा साठा पहिल्याच हप्त्यातून घ्या.

नोंदवहीतली एक ओळ कशी असावी ते पाहा:

टोकन ०४१७ / ६ मे, सकाळी ६.२० / वारजे, कालव्याकडची शेवटची गल्ली, पिवळ्या गेटसमोर, जीपीएस / मादी, तांबडी, छातीवर पांढरा पट्टा, अंदाजे दोन वर्षं, १४ किलो / शस्त्रक्रिया ७ मे / लस बॅच क्रमांक / डाव्या कानाला खाच / सोडलं ११ मे, त्याच गेटसमोर, फोटो / निधी: ख.

शेवटचं ते ‘ख’ सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यात बऱ्याच संस्था महापालिकेच्या ठरावीक दरानंही काम करतात आणि सीएसआर किंवा परदेशी निधीतूनही. एकच कुत्रं दोन ठिकाणी दाखवलं गेलं तर ती दुहेरी वसुली ठरते, मग ती नोंदवही भरणाऱ्याच्या नजरचुकीनं झालेली का असेना. लेखापरीक्षणात हे सापडलं की पुढच्या वर्षीचा निधी तर जातोच, शिवाय झालेलं काम खरं असूनही संशयात येतं. पालिकेचं ‘क’, कंपनीचं ‘ख’, आणि कुत्रं पिंजऱ्यात शिरण्याआधी अक्षर लिहिलेलं. नंतर वाटणी करायची नाही. टॅलीतही प्रत्येक निधीचं कॉस्ट सेंटर (खर्चाचं खातं) वेगळं ठेवा, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी कसा वापरला याचा दाखला) देताना सीएला अंदाज बांधावे लागणार नाहीत. सरकारी अनुदान असेल तर त्यावर बँकेत मिळालेलं व्याजसुद्धा परत करायचं असतं. ते खर्चात धरून बसलेल्या संस्था वर्षअखेरीस अडचणीत येतात.

कागदांकडे वळू. एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियम २०२३ प्रमाणे पैसा कोणाचाही असो, निर्बीजीकरण केंद्र चालवायला अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र लागतं. संस्थेची मान्यता वेगळी आणि प्रकल्पाची वेगळी. दुसरी नसताना करार केला तर काम सुरूच करता येत नाही. बोर्ड १९६२ पासून आहे, त्याचं कार्यालय पूर्वी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगडला आहे. जुन्या पत्त्याचे लेटरहेड अजून फिरतात, ते बघून अर्ज पाठवू नका.

सीएसआरसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे, आणि १२-ए व ८०-जी या प्राप्तिकराच्या नोंदण्यांशिवाय कंपनी सहसा पुढे जात नाही. नवीन संस्थेला मिळालेली तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते. ती संपायच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो, आणि ही तारीख चुकलेल्या संस्था बऱ्याच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदलले, पण बोलण्यात नावं जुनीच आहेत. अर्ज भरताना सीएकडून आताचा क्रमांक घ्या.

पुण्यात प्रस्ताव सगळ्यात जास्त अडकतात ते बदल अर्जावर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. संस्थापक विश्वस्त वारले, मुलगी त्यांच्या जागी आली, ती पाच वर्षं सगळं काम पाहते आहे, पण शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर वडिलांचंच नाव. कंपनीचा वकील उतारा मागतो, सही करणाऱ्याचं नाव त्यावर नसतं, आणि करार थांबतो. अर्ज दिला म्हणजे लगेच आदेश होत नाही, त्यात काही महिने जाऊ शकतात. तोवर दाखल अर्जाची पोच, ठरावाची प्रत आणि विश्वस्तांचं प्रतिज्ञापत्र जोडून पाहावं. काही कंपन्या ते मानतात. त्यापेक्षा आत्ताच उतारा काढून नावं ताडून बघा. लेखापरीक्षण अहवालही दर वर्षी वेळेवर ऑनलाइन चढवलेले असावेत.

सीएसआरमधल्या एका गैरसमजानं संस्थांचं फार नुकसान होतं. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालणार नाही’ असं त्यांना सांगितलं जातं. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येतच येत नाही. डॉक्टर, चालक, नोंदनीस यांचे पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. ते ‘अ‍ॅडमिन’ या मथळ्याखाली लिहू नका. कामाच्या नावानं लिहा आणि गरज पडली तर नियमाची व्याख्या ईमेलला जोडा.

परदेशी निधीचं गणित वेगळं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. तोवर ठरावीक देणगीदार आणि ठरावीक प्रकल्पासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, त्याला देणगीदाराचं रकमेसह पत्र लागतं. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं परदेशी निधी दुसरीकडे वळवण्यावर बंदी आली. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या खात्यातून छोट्या संस्थेला निधी देण्याची जुनी पद्धत आता चालत नाही. आजही असा तोडगा सुचवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, नोंदणी जाते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे, पण प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पगार त्यात मोजले जात नाहीत.

संशोधनासाठीचे पैसे वेगळ्या दारातून येतात. इंग्लंडमधली युफॉ ही १९२६ मध्ये स्थापन झालेली संस्था, वाइल्ड अ‍ॅनिमल इनिशिएटिव्ह, ईए अ‍ॅनिमल वेल्फेअर फंड ही त्यातली काही नावं. प्रत्येकाचा कल निराळा. कोणी वन्य प्राण्यांच्या कल्याणावर भर देतं, कोणी कोंबड्या आणि माशांसारख्या, संख्येनं अफाट पण दुर्लक्षित प्राण्यांवर. कुत्र्यांचा प्रस्ताव सगळीकडे तसाच पाठवणं व्यर्थ. पुणे जिल्ह्यात पोल्ट्री आहे, ऊसतोडीच्या हंगामात गाडीबैलांच्या खांद्यांवर जुवाच्या जखमा आहेत. या विषयांवर मोजमापासह लिहिलेले प्रस्ताव फार कमी येतात आणि ते यायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

संशोधनात दोन ठिकाणी अडतं. पहिलं नैतिक मंजुरी. नेहमीचं निर्बीजीकरण हा प्रयोग नाही. पण दोन वेदनाशामकांची तुलना करायला कुत्र्यांचे दोन गट पाडले की तो प्रयोग होतो आणि संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. छोट्या संस्थेकडे अशी समिती नसते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणचे प्राध्यापक सहसंशोधक असतील तर तिथल्या समितीपुढे जाता येतं. समितीच्या बैठका रोज होत नसतात, त्यामुळे निधीच्या अर्जाआधी तिथं जा. दुसरं नमुन्याची संख्या. पावसाळ्यात जखमा चिघळण्याचं प्रमाण १० टक्के आणि नव्या पद्धतीनं ते ५ टक्के होईल असं दाखवायचं असेल, तर प्रत्येक गटात साधारण ४३० कुत्री लागतात. चाळीस-चाळीसचे गट घेऊन निघालेला निष्कर्ष काहीच सांगत नाही, आणि त्या ऐंशी जीवांना दिलेला त्रासही वाया जातो. संख्याशास्त्रज्ञाला प्रस्तावाच्या पहिल्या आठवड्यात गाठा, शेवटच्या नाही.

अहवालात मृत्यूचा रकाना रिकामा ठेवू नका. वर्षभरात हजार शस्त्रक्रिया आणि शून्य मृत्यू असं लिहिलं की जाणकार परीक्षक उरलेल्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणानं, पुढे काय बदललं, हे प्रत्येक मृत्यूसमोर दोन ओळींत लिहा.

आणि दुसरी मोजणी कार्तिकात. तेच पट्टे, तीच वेळ, शक्यतो तीच माणसं. खाच असलेल्या माद्यांची टक्केवारी घ्याच, पण दूध पाजणाऱ्या माद्यांचं प्रमाण त्याहून बोलकं असतं, कारण भाद्रपदाआधी काम झालं होतं की नाही ते त्यातच दिसतं. या मोजणीचे पैसे पहिल्या हप्त्यातूनच बाजूला काढून ठेवा. शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर येतो, आणि अहवाल मोजणीशिवाय पुरा होत नाही. आकडा डिसेंबरात हातात आला, तर जानेवारीत कंपनीचा फोन येईल तेव्हा पुढच्या वर्षाचा प्रस्ताव तयार असेल.